नैराश्याची गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

नगरकर: परवाच्या उपासनेत एका भगिनीने साक्ष दिली: डिप्रेशनच्या गोळ्या फेकून दिल्या, आता भरवसा फक्त येशूवर. सगळी मंडळी हालेलूया म्हणाली. मला धडकीच भरली. एलीयाची गोष्ट संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते (१ राजे १८ व १९). कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा हा संदेष्टा पुढच्याच अध्यायात रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला ना झापलं, ना उपासाला बसवलं. दूताने निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाचं बोलणं पुढे, होरेब डोंगरावर. तेव्हा गोळ्या सोडल्याच्या साक्षी मंडळीने घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्याचा विश्वासी: साफ नामंजूर. पौल तुरुंगातून लिहितो, कशाचीही चिंता करू नका, सगळं देवाला कळवा (फिलिप्पै ४:६). तुम्ही प्रार्थनेला ताटातली चटणी करून ठेवलीत, असली तर बरी, नसली तरी चालतं. मला प्रभूने गोळीशिवाय बाहेर काढलं. ते मी कुणाच्या भीतीने लपवू?

वसईवाली: मी कॅथलिक, तरी थोडी तुमच्या बाजूने. हल्ली साध्या दुःखालाही डिप्रेशन म्हणतात. आई गेल्यावर बाबा जेवेनात. शेजारच्या बायका रोज संध्याकाळी रोझरीला, म्हणजे माळेच्या प्रार्थनेला, यायच्या आणि जाताना त्यांच्यापुढे पेजेची वाटी ठेवायच्या. आईच्या महिन्याच्या मिस्सापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, बाबा अंगणात येऊन बसायला लागले. हे कुठल्या दवाखान्यात मिळतं?

मिरजेची नर्स: नाही मिळत, ताई. पण तुमच्या बाबांचा तो शोक होता. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत बुडालेलं, कशातच रस नाही, झोप-भूक गेलेली, स्वतः कुचकामी असल्याची खात्री, असं दिसलं की डॉक्टर गाठायचा. या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि मळमळ मात्र पहिल्या दिवसांतच होते. म्हणून लोक मध्येच सोडतात. काही जण बरं वाटल्यावर एकदम बंद करतात, मग चक्कर, बेचैनी, कधी आजारच उलटतो. मिरजेत मिशनने १८९४ साली दवाखाना काढला. तिथे सकाळी प्रार्थना करून ऑपरेशनला जाणारी माणसं होती. त्यांचा विश्वास कच्चा होता म्हणायचं का?

पुण्याचा विश्वासी: ऑपरेशन शरीराचं असतं. मन देवाचं आहे.

नगरकर: शरीरही त्याचंच. बंधू, तुमची साक्ष जरूर सांगा. पण मागच्या बाकावर एखादी पोरगी असते, तिनेही तितकीच प्रार्थना केलेली असते आणि तिला काहीच वाटेनासं झालेलं असतं. ती घरी काय घेऊन जाते? स्तोत्र ८८ वाचा. रात्रंदिवस हाका मारल्या आहेत आणि शेवट अंधारातच आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. हे स्तोत्र आपल्याकडे उपासनेत का वाचत नाहीत?

वसईवाली: नर्सताई, एक विचारते. चुलतभावाने रिट्रीटहून, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरातून, आल्यावर गोळ्या बंद केल्यात. रात्रभर जागा असतो, मेलेलं बरं म्हणतो.

मिरजेची नर्स: आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करा. लागले नाहीत तर टेली-मानस, म्हणजे मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. रात्री त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, फवारणीचं विष कुलपात ठेवा. तो ज्यांचं ऐकतो त्या फादरांनाही बोलवा, गोळी घे म्हणून त्यांनाच सांगू द्या.