शब्दचर्चा : ‘डोपामिन ड्रेसिंग’ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतराच्या कामात एक वाक्य अडलंय. आशय साधा आहे: उन्हाळ्यात रोजच्या रोज जरा गमतीदार, रंगीबेरंगी कपडे घालावेत, त्याने मन टवटवीत राहतं. या प्रकाराला इंग्रजीत ‘डोपामिन ड्रेसिंग’ म्हणतात. माझा पहिला खर्डा होता, ‘या उन्हाळ्यात खेळकर कपडे घाला आणि मूड उंचवा.’ वाचून मलाच कसंतरी झालं. खेळकर मूल असतं, खेळकर स्वभाव असतो. खेळकर कपडे म्हटलं की मैदानावर पळायला घालायचे वाटतात. आणि मूड मराठीत येतो, जातो, बिघडतो. उंचावलेला मी तरी पाहिला नाही. उंचावतात त्या भुवया.

शोधायला बसल्यावर लक्षात आलं की सजण्याचे आपले बहुतेक शब्द नाक मुरडणारे आहेत. नट्टापट्टा, नखरे, भपका, छचोर, भडक, बटबटीत. बोलणारा कायम बाहेरून बघतोय. ‘नटणे’ तर थेट नटाच्या घरातला, म्हणजे समोर प्रेक्षक हवाच. कौतुकाचे म्हणावेत असे ‘नटूनथटून’ किंवा ‘ठेवणीतले’, तर त्यांना निमित्त लागतं. साध्या मंगळवारी, कुठे जायचं नसताना, केवळ स्वतःला बरं वाटावं म्हणून पिवळाजर्द सदरा घालणं, याला शब्द काय?

विचारण्याचं कारण घरचंच आहे. परवा मी पोपटांचा सदरा घालून कामावर गेलो. गुलाबी कापडावर हिरवे पोपट. शिवताना नक्षी जुळवायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत, त्यामुळे खिशावर एका पोपटाची नुसती शेपूट आहे, डोकं बेपत्ता. शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, ‘काय, आज पोपट झाला वाटतं?’ त्या विनोदावर मी संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात हसत होतो. एरवी त्या वेळेपर्यंत उकाड्याने माझं भिजलेलं पोतेरं झालेलं असतं. तर हे जे काही झालं, त्याचं नाव हवंय.

प्रतिसाद :
‘हौस’ आहे की. मूळ अरबी ‘हवस’. हिंदीत त्या शब्दाला वासनेचा दर्प आहे. मराठीत मात्र तो इतका निष्पाप झालाय की लहान मुलाची हौस पुरवतात. ‘हौस म्हणून घातला’ म्हटलं की पुढचा प्रश्नच संपतो. ना निमित्त लागतं, ना प्रेक्षक. हौसेला मोल नाही हे आपण म्हणतोच. फक्त ‘हौशी कपडे’ करू नका. हौशी नाटकासारखं वाटेल, पडदा मध्येच अडकणारं.

मूळ लेखक :
हौस आवडली. पण हौस माणसाला असते, कपड्यात नसते. शिवाय ती घालण्याआधीची गोष्ट. घातल्यावर ती भागते, फिटते. मला घातल्यानंतरचं काहीतरी हवंय.

प्रतिसाद :
माझा आक्षेप ‘डोपामिन’लाच आहे. हे रसायन आनंदाचं म्हणून मिरवतं, पण त्याचं नातं सुखापेक्षा बक्षिसाच्या अपेक्षेशी, हवंसं वाटण्याशी जास्त आहे. म्हणजे गंमत बघा, वरची ‘हौस’ त्याला अगदी नेमकी बसते! रात्री सदरा इस्त्री करून हँगरला लावताना जे वाटतं, ते. बाकी हे नाव फॅशनच्या दुनियेतलं, कुणी कुणाचं डोपामिन मोजून ठेवलेलं नाही.

कपड्यांचा मनावर परिणाम होतो याचा दाखला म्हणून २०१२चा एक प्रयोग सगळीकडे फिरवतात. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या दोघांचा. पांढरा कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घातलेल्यांचं लक्ष चांगलं लागलं, तोच कोट ‘रंगाऱ्याचा’ म्हणून घातलेल्यांचं तितकं नाही. पण २०१९मध्ये त्यातला एक भाग दुसऱ्यांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून भाषांतरात ‘विज्ञानाने सिद्ध’ वगैरे घालू नका. पोपटामुळे तुम्हाला बरं वाटलं, एवढं पुरे आहे.

प्रतिसाद :
रंगावर सगळे बोलताय, कापडावर कुणीच नाही. मी शिवणकाम करते, म्हणून सांगते. उन्हाळ्यात जीव सुखावतो तो आधी कापडाने. त्यासाठी आपल्याकडे ‘झुळझुळीत’सारखा शब्द आहे. म्हणून बघा मोठ्याने. पाणी झुळझुळ वाहतं, वाऱ्याची झुळूक येते, आणि कापडही झुळझुळीत. झिरझिरीत वेगळं बरं का, त्यातून आरपार दिसतं. तलम म्हणजे बारीक सुताचं, ते अंगाला चिकटूही शकतं. झुळझुळीत चिकटत नाही.

आणि हो, ‘सीरसकर’ नावाचं उन्हाळ्याचं सुती कापड असतं ना, एक पट्टा सपाट आणि एक चुणीदार? ते नाव फारसी ‘शीर-ओ-शकर’ वरून आलंय, म्हणजे दूध आणि साखर. गुळगुळीत पट्टा दुधाचा, खरखरीत साखरेचा. चुण्यांमुळे कापड अंगापासून जरा सुटं राहतं आणि हवा खेळते. तुम्हाला ‘खेळकर’ हवंच होतं ना? इथे खरंच काहीतरी खेळतंय.

सैल कपड्यांचं तर विचारू नका. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात यावर १९८०मध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला होता. काळं कापड ऊन जास्त शोषतं हे खरंच, पण झगा सैल असल्याने ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचत नाही. पांढऱ्या आणि काळ्या झग्यात शरीराला सारखीच पडते. तेव्हा ‘उन्हाळ्यात गडद रंग नकोच’ म्हणणाऱ्यांना आधी माप विचारा.

प्रतिसाद :
जाता जाता. ‘उन्हाळी पेहराव’ लिहाल तर ठीक, पण ‘उन्हाळी’ सुटं ठेवू नका. जुन्या माणसांना ‘उन्हाळी लागली’ आठवेल, आणि ती दुखणं आहे, फॅशन नव्हे.

प्रतिसाद :
‘भडक’ला इतकं झोडपू नका, एवढंच सांगायला आलो. आपलं ‘चीट’, म्हणजे फुलाफुलांचं छापील सुती कापड, आणि हिंदीतलं ‘छींट’ एकच. छींट म्हणजे शिंतोडा. तेच इंग्रजीत ‘चिंट्झ’ झालं. हे रंगीत कापड युरोपात इतकं आवडलं की फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यावर बंदी घातली होती, तिथल्या विणकरांचा धंदा बुडायला लागला म्हणून. पुढे इंग्रजीत ‘चिंट्झी’ म्हणजे स्वस्तातलं, हलकं असा अर्थ आला. म्हणजे आधी लोक वेडे झाले आणि मग नाकं मुरडली. आपला ‘भडक’ही भडकण्यातूनच आलाय. आग भडकते, डोकं भडकतं, तसा रंग. त्यात बघणाऱ्याचा त्रास आहे, घालणाऱ्याचा नाही.

प्रतिसाद :
तुमचा शब्द तुम्ही रोज वापरता, फक्त तसा कधी पाहिला नसेल. खुलणे.

‘हा रंग तुला खुलतो’ म्हणतो आपण. आणि रुसलेलं माणूस हसलं की ‘कळी खुलली’ म्हणतो. चेहरा खुलतो, मैफल खुलते. एकच क्रियापद कापडालाही चालतं आणि मनालाही, आणि त्या दोन्हींमध्ये कुठे शिवण दिसत नाही. ‘शोभणे’शी ताडून बघा. ‘हे तुला शोभतं का?’ हा प्रश्न कपड्यावर आहे की वागण्यावर, हे विचारणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखावं लागतं. ‘हे तुला खुलतं का?’ मध्ये ती धमकी नाही. शोभण्याचा निकाल लोक देतात. खुलणं आरशात आपलं आपल्याला कळतं.

(हल्ली ‘दार खुललं’, ‘साइट खुलत नाही’ असं ऐकू येतं, ते हिंदीच्या वळणाचं. मराठीत दार उघडतं. खुलतो तो माणूस. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी भडकतं.)

मूळ लेखक :
हेच! ‘खुलता रंग’ तर आपण म्हणतोच, मग ‘खुलता पेहराव’ का नको? ‘हर्षवेश’, ‘मोदवस्त्र’ असली नाणी मीही पाडून पाहिली होती, पण ती घालून बसमध्ये चढता येत नाही. ‘अवखळ’चाही मोह झाला, पोपटांना तो चाललाही असता, पण पूर्ण पेहरावच अवखळ म्हटला की तो घालणाऱ्याला सोडून पळेल असं वाटतं. नक्षीपुरता ठेवीन.

मूड उंचावण्याचं मात्र बाकी होतं. ते काल दोरीपाशी सुटलं. धुतलेला सदरा वाळत घालण्याआधी दोन वेळा झटकला, तोंडावर गार तुषार आले, आणि वाटलं, अरे, मरगळही आपण झटकतोच की. तर आताचा खर्डा असा: ‘उन्हाळ्याची मरगळ झटकायची असेल तर झुळझुळीत कापड आणि खुलते रंग निवडा, नक्षी अवखळ असली तरी हरकत नाही, आणि घालण्यासाठी निमित्त शोधू नका.’ शीर्षकात ‘खुलता पेहराव’. डोपामिनला कंसातही जागा दिलेली नाही.

प्रतिसाद :
वाक्य छान उतरलंय. ‘निमित्त शोधू नका’ ऐवजी ‘नुसती हौस पुरे’ केलंत तर पहिल्या प्रतिसादाचं ऋणही फिटेल.

मूळ लेखक :
केलं.

प्रतिसाद :
सगळं झालं, पण त्या खिशावरच्या पोपटाचं डोकं?

मूळ लेखक :
बगलेत आहे. बसमध्ये दांडी धरायला हात वर केला की बाहेर बघतं.