मदत हवी आहे: मडमधलं (MUD) घर घेतोय, ह्यूस्टनची हद्दवाढ होईल का?

मंडळी, टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीकडे घर पसंत केलंय. पत्त्यात केटी असलं तरी वस्ती कुठल्याच शहरात नाही, हॅरिस काउंटीतल्या एका मडमध्ये (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट, म्हणजे पाणी-ड्रेनेज पुरवणारी स्थानिक संस्था) आहे. पाणी-ड्रेनेज मडचं, आणि त्यासाठी काढलेल्या बाँडचं कर्ज मड टॅक्समधून फेडायचं, इतपत कळलं.

घोळ कागदांत आहे. विकणाऱ्याने दिलेल्या नोटिशीत लिहिलंय की हा मड ह्यूस्टनच्या हद्दीबाहेरच्या अधिकारक्षेत्रात येतो आणि मतदारांच्या संमतीशिवाय शहर तो घेऊ शकतं. एजंट म्हणतो, ती ओळ जुनी, 2019 पासून जबरदस्तीची हद्दवाढ बंद. पण मडच्या वेबसाइटवर शहराशी केलेला 'स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप' करार दिसतोय, आणि हमरस्त्यालगतची दुकानं 'मर्यादित हेतूसाठी' शहरात गेलेलीसुद्धा! ऑफिसातले जुने लोक किंगवूड या वस्तीची आठवण काढतात. 1996 मध्ये तिथले रहिवासी नको म्हणत असताना ह्यूस्टनने ते घेतलंच.

उद्या तसं झालं तर सिटी टॅक्स आणि मड टॅक्स दोन्ही भरायचे का? मतदान खरंच होतं, की पुण्यात गावं घेतली तशा नुसत्या हरकती-सूचना? ऑप्शन पिरियड (सौद्यातून माघार घ्यायची मुदत) संपत आलाय, म्हणून घाई.

प्रतिसाद 1
एजंट बरोबर, पण अर्धवट. किंगवूडनंतर बराच आरडाओरडा झाला. 1999 च्या कायद्याने शहरांना तीन वर्षं आधी आराखडा करायला लावला, 2017 मध्ये मोठ्या काउंट्यांत मतदान आलं, आणि 2019 च्या हाउस बिल 347 ने बहुतेक सगळी सक्तीची हद्दवाढ राज्यभर बंद केली. 200 किंवा जास्त वस्ती असेल तर आता निवडणूकच.

पण तुमचा करार मात्र वाचाच. पूर्ण हद्दीत घेण्याची तारीख मडच्या संचालकांनी त्यात आधीच मान्य केलेली असू शकते. उलट बऱ्याच करारांत शहर अमुक वर्षं घेणार नाही असं कबूल करतं. ते कलम शोधा, बाकीचा मजकूर चाळला तरी चालेल.

प्रतिसाद 2
पूर्ण घेतलं तर मड सहसा विसर्जित होतं, मालमत्ता आणि कर्ज शहराकडे जातं. म्हणजे मड टॅक्स जाऊन सिटी टॅक्स येतो. दुकानांचं म्हणाल तर तिथून शहराला सेल्स टॅक्स मिळतो, बरेचदा निम्मा मडला देतात. घरांवर त्याचा सिटी प्रॉपर्टी टॅक्स नाही. कर्ज न उचलता, पोलीस न पुरवता पैसे येत असतील तर शहर कशाला तुम्हाला आत घेईल?

धागाकर्ता
धन्यवाद! करार मडच्या ऑफिसातून मागवतो. संचालकांच्या मीटिंगला घर घेण्याआधी बसता येतं का?

प्रतिसाद 1
बसा की. सभा सगळ्यांना खुली असते. बाँडचं किती कर्ज उरलंय, तेही तिथेच विचारा.