ऑगस्टमध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा 'दे पाराडे': दोन पोरं आणि आई सोबत आहेत, जमेल का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या अ‍ॅमस्टेलवीनला असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही सगळे त्याच्याकडे चाललोय. मी, बायको, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा आणि आई. आईची सत्तरी उलटलीय, गुडघे बोलतात. (शाळा बुडतेय हे माहीत आहे. त्यावर सल्ला नको, तो घरून भरपूर मिळालाय.)

भाऊ म्हणतो, तुम्हाला 'दे पाराडे'ला नेतो, मोकळ्या बागेत नाटकाचे तंबू असतात, लई भारी. पण हा पडला सडाफटिंग. त्याचं भारी आणि आमचं भारी यात फरक असतो. बायकोचा प्रश्न सरळ आहे: नाटकं डच भाषेत, मग आपण तिथं बसून करायचं काय? आणि आमचं धाकटं पोरगं असं आहे, की हात सोडला की गेलं.

कुणी मुलांना घेऊन गेलंय का? संध्याकाळी जायचं की दिवसा? तिकिटं आधी काढायची का?

शेंगापोळी

अहो, बिनधास्त न्या. लेक तिकडे संसार थाटून बसली तेव्हापासून माझी उन्हाळ्यात फेरी असते आणि नातवंडं मला पाराडेला ओढत नेतातच. फक्त भावाचं एक ऐकू नका. तो तुम्हाला संध्याकाळी नेणार, कारण त्याची मित्रमंडळी तेव्हा असतात. तुम्ही दुपारी जा.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. ही फिरती जत्रा आहे, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू असलेली. उन्हाळा लागला की रॉटरडॅम, मग हेग, मग उट्रेख्त असे मुक्काम करत ऑगस्टमध्ये शेवटी अ‍ॅमस्टरडॅमला येते. तिथली जागा मार्टिन ल्यूथर किंग पार्क, अ‍ॅमस्टेल नदीच्या कडेला. आपल्या सोलापूरची जानेवारीतली गड्डा जत्रा डोळ्यासमोर आणा, होम मैदानावरची. त्यातली धूळ आणि भोंगे काढा आणि दुकानांच्या जागी नाटकाचे तंबू लावा. मांडणी साधारण तशीच: मधे मोकळी जागा, कडेने तंबू, खाण्याच्या गाड्या, पाळणा, दिव्यांच्या माळा.

बागेत शिरायचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक तंबूतल्या खेळाचं वेगळं. हे नीट लक्षात घ्या, कारण नवीन माणूस इथेच गोंधळतो. दुपारी आत शिरणं संध्याकाळपेक्षा स्वस्त पडतं आणि मुलांसाठीचे खेळही दुपारीच असतात. दर आणि वेळा त्या त्या वर्षीच्या त्यांच्या साइटवर बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

आता बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. निम्मी मजा तंबूच्या बाहेर आहे, आणि तिला वेगळं तिकीट नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी नट मंडळीच दारात उभी राहून गिऱ्हाईक बोलावतात. कुणी वाजवतंय, कुणी शेजारच्या तंबूवाल्याशी खोटं भांडण उकरून काढतंय. एकदा एक बाई पिंपावर चढून कर्ण्यातून ओरडत होती आणि तिच्या बाजूला कोंबडीच्या वेषातला सहा फुटी गडी अगदी तलाठ्याच्या चेहऱ्याने तिकिटं फाडत होता. लोक आत गेले, पडदा पडला, बाहेर कोंबडी एकटीच उरली. माझा नातू तिच्यासमोर मांडी घालून बसला. ती मान वाकडी करायची, हा मान वाकडी करायचा. ती गवतात दाणा टिपायची, हाही वाकायचा. आतला खेळ संपून लोक बाहेर येईपर्यंत हेच चाललं होतं. कुठली आलीय डच भाषा!

दुसरी गोष्ट पाळणा. साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या आणि मधला खांब गोल फिरतो, तो जुन्या धाटणीचा. पाराडेची ओळखच तो आहे. तुमची नऊ वर्षांची त्यावरून उतरणार नाही, पैसे बाजूला काढून ठेवा. साडेचारच्या पोराला एकट्याला बसू देतात का, ते तिथल्या माणसाला विचारा.

संध्याकाळ झाली की रंग बदलतो. गर्दी वाढते, बिअरचे पेले वाढतात, कानाला हेडफोन लावून नाचायचा तो मूक डिस्को असतो. बाहेरून बघायला गंमत येते, शंभर माणसं नाचतायत आणि आवाज फक्त त्यांच्या बेसूर गाण्याचा. पण साडेचार वर्षांच्या पोराला त्या गर्दीत धरून उभं राहायचं म्हणजे शिक्षा. सूर्य तिकडे तेव्हा साडेआठ-नऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे "अजून उजेड आहे" या बोलीवर फसू नका.

भुईकोट

शेंगापोळीताई, बाकी सगळं पटलं, पण नुसतं बाहेर फिरून यायचं हे नाही पटलं. एवढं लांब जायचं आणि तंबूत पायच ठेवायचा नाही? खेळ बहुतेक अर्ध्या तासाच्या आसपासचे असतात, मोठ्या नाटकासारखे दोन अंक नाहीत. मुलं तेवढा वेळ बसतात. कार्यक्रमपत्रिकेत नाच, कसरत, बाहुल्या, विदूषकी असं काही असेल तर भाषा आडवी येत नाही. खाली वय लिहिलेलं असतं, ते बघा. एक खेळ आधी काढून ठेवा. छोटा तंबू, जागा कमी, मुलांचे खेळ भरतात.

मी शिकायला ग्रोनिंगनला होतो, तिकडे उत्तरेला. तिथला नोर्डरझोन नावाचा नाट्यमहोत्सव पण ऑगस्टमध्येच असतो, नोर्डरप्लान्टसून नावाच्या बागेत. बागेत जायला पैसे पडत नाहीत, पैसे फक्त खेळांना. तळं आहे, झाडी आहे, पोरं पळत राहतात. सोलापूरच्या माणसाला झाडं एवढी दाट बघूनच अर्धे पैसे वसूल. फक्त अ‍ॅमस्टरडॅमहून रेल्वेने दोन तासांच्या वर लागतात, त्यामुळे आईंना घेऊन एका दिवसात जाऊन येणं दमवेल. मुक्काम असेल तरच.

शेंगापोळी

भुईकोट, एक खेळ काढा, माझी ना नाही. पण एकच. पुण्या-मुंबईच्या आयांसारखं पत्रिकेवर खुणा करत दर तासाला नवीन तंबू करू नका. पोरं रांगेतच संपतात.

सातरस्ता

'ऊरोल' या नाट्यमहोत्सवाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या तेरस्खेलिंग बेटावर जूनमध्ये दहा दिवस असतो, 1982 पासून. अख्खं बेटच रंगमंच: समुद्रकिनारा, वाळूच्या टेकड्या, जंगल, शेतातली कोठारं. हार्लिंगन बंदरातून बोटीने साधारण दोन तास आणि बेटावर सगळे सायकलवर. मुलांना पुढच्या पेटीत बसवून न्यायची तीनचाकी सायकल भाड्याने मिळते. मला पाराडेपेक्षा हा शंभरपट आवडला. तुमच्या तारखांत बसत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना बसणारही नाही, पण पुढे कधी जूनमध्ये गेलात तर आठवण ठेवा.

जुळेसोलापूरकर

मनापासून आभार सगळ्यांचे. बायकोने ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, कोंबडीवर आई पण हसली. आता तिचे प्रश्न: बसायला जागा असते का? शौचालय? आणि ती अंडंसुद्धा खात नाही, मग खायचं काय?

शेंगापोळी

बसायला बाक असतात, पण दुपारी चारनंतर त्यावर कोण ना कोण बूड टेकून असतंच. गवतावर बसायचं तर ते ओलं असतं, तिथं पाऊस कधी पडून जातो कळत नाही. आपली सोलापुरी चादर न्या, जाडी, दुहेरी विणीची. ओल लवकर वर येत नाही आणि झाडाखाली अंथरली की ती तुमची जागा. आईंना घडीची छोटी खुर्ची लागेल असं वाटत असेल तर आत नेऊ देतात का, हे आधी ईमेल करून विचारा. उत्तर देतात ते लोक, इंग्रजीत लिहिलं तरी.

शौचालयं असतात. पाण्याची सोय आपल्यासारखी नाही, बाटली जवळ ठेवा. आणि आईंना आधीच सांगून ठेवा, की तिकडे अशा जत्रांत पुरुषांसाठी उघड्यावरच्या मुताऱ्या असू शकतात. माझ्या विहीणबाईंनी ते पाहिलं आणि दिवसभर मान वर केली नाही.

खाण्याचं: बटाट्याचे तळलेले काप, म्हणजे पताट, सगळीकडे मिळतील. वर जे पांढरं घालतात त्यात अंडं असतं, ते नको म्हणा. तळणीचं तेल कुठलं तेही विचारा, काही ठिकाणी प्राण्याची चरबी वापरतात. पोफर्चेस नावाचे छोटे गुबगुबीत धिरडी-गोळे लोणी-साखर घालून देतात. पोरं तुटून पडतील, पण पिठात अंडं असू शकतं. काळी गोळी कुणी प्रेमाने दिली तर आधी तुम्ही चाखा. ड्रॉप म्हणतात तिला, ज्येष्ठमधाची, कधी कधी चक्क खारट. माझ्या नातीने ती हातात थुंकून मला परत दिली होती. आईंसाठी घरूनच दशमी आणि चटणी न्या. बाहेरचं खाणं आत चालतं का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

पेल्यांवर अनामत असते. पेला परत दिला की पैसे परत. तिकडची पोरं गवतातले टाकलेले पेले गोळा करून देतात आणि खिसे भरतात. तुमच्या मुलीला हे कळू द्या, मग बघा.

भुईकोट

पावसाचं राहिलं. बाउएनराडार नावाचं अ‍ॅप भाऊ वापरतच असेल. ढग कुठून येतोय आणि पुढचे दोन तास पाऊस आहे का, हे नकाशावर दिसतं. छत्री नको, वारा उलटी करतो. टोपीवाले रेनकोट. रोख पैशांवर राहू नका, कार्ड लागतं.

आणि पळणाऱ्या पोराच्या मनगटावर भावाचा तिकडचा फोन नंबर बॉलपेनने लिहा. तुमचा इथला नको, तिथला माणूस +91 लावत बसणार नाही. आत गेल्यावर पाळणा दाखवून सांगा: हरवलास तर याच्याजवळ उभा राहा. उंच असतो, कुठूनही दिसतो.

शेंगापोळी

हे बरं सांगितलंत.

जुळेसोलापूरकर, एक काम होतं. लेकीचं घर अ‍ॅमस्टेलवीनलाच आहे. पाव किलो शेंगाचटणी न्याल का? पेढे-बिढे काही देत नाही, युरोपात बाहेरून दुधाचं नेता येत नाही. नुसती चटणी. घट्ट पॅक करून देते.

जुळेसोलापूरकर

ताई, द्या की. फक्त पाव किलोची पाव किलोच ठेवा. आमच्या आईच्या बॅगेत आधीच चार किलो भरलीय.