सेशन सर्व्हरच्या पोटात ठेवायचं की बाहेर?

फोंडेकर:
मुंबईचं नाटक फोंड्याला येणार होतं, त्याची तिकिटं आमच्या साइटवर. तीन सर्व्हर, पुढे गिऱ्हाइकं वाटून देणारा एनजिनएक्स, त्याला आयपी-हॅश लावलेला, म्हणजे इंटरनेट पत्ता बघून माणूस दर वेळी त्याच सर्व्हरकडे. सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची नोंद, ज्या त्या सर्व्हरच्या मेमरीत. ऐन गर्दीत एका सर्व्हरवर नवा कोड चढवून रिस्टार्ट मारला आणि त्याच्यावर बसलेली सगळी मंडळी लॉगआउट. एका बाईंचा फोन आला: "ओटीपी घालीसर म्हज्यो खुर्च्यो खंय गेल्यो?"
माझं मत पक्कं झालंय. सेशन रेडिसमध्ये, म्हणजे तिन्ही सर्व्हरांच्या बाहेरच्या एका सामायिक साठ्यात हलवायचं. सर्व्हर कधीही मेला तरी कोणाला कळता कामा नये.

डिचोलीकर:
आणि रेडिस मेला की? आज एका सर्व्हरची माणसं बाहेर पडली, उद्या तिन्ही सर्व्हरची पडतील. मग रेडिसची जोडप्रत म्हणून रेप्लिका आण, मूळ पडला की तिला पुढे करणारा सेंटिनल आण. तीन सर्व्हरांच्या साइटला एवढा लवाजमा कशाला? चूक सेशनची नाही रे, रिस्टार्ट मारणाऱ्याची. एनजिनएक्सच्या जागी एचएप्रॉक्सी लाव, कुकीने, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठीने, माणूस सर्व्हरला चिकटव, आणि कोड चढवण्याआधी सर्व्हर ड्रेनवर टाक. जुने लोक आपलं काम उरकतील, नवे तिकडे जाणार नाहीत.

फोंडेकर:
रिस्टार्ट मी मारला, कबूल. पण सर्व्हर आपणहून पडला तर ड्रेन कोण करणार?
आयपी-हॅश मात्र काढतोच. तो आयपीव्ही४ पत्त्याच्या चार आकड्यांपैकी पहिले तीनच बघतो. मोबाइलवाले तर ढीगभर गिऱ्हाइकांना एकाच पत्त्याआडून बाहेर सोडतात. एक सर्व्हर घामाघूम, बाकीचे दोन वामकुक्षीत.

पेडण्याची:
दोघेही साठवायच्याच गोष्टी करताय. जेडब्ल्यूटी द्या ना! सही केलेलं टोकन, म्हणजे ओळखपत्रच, माणसाच्याच हातात, सर्व्हरने फक्त सही तपासायची. २०१५ पासून प्रमाणित आहे.

डिचोलीकर:
बाय, फोन चोरीला गेला तर? टोकनाची मुदत संपेपर्यंत चोर आत. रद्द टोकनांची यादी ठेवायची म्हटली की आलंच परत साठवणं. शिवाय कुकीत ४ केबीच्या आसपासच मावतं.

पेडण्याची:
मुदत १० मिनिटांची ठेव, ती संपली की नवं मागायला रिफ्रेश टोकन वेगळं दे.

डिचोलीकर:
आणि ते रिफ्रेश टोकन रद्द करायला कुठे नोंदवू? वहीत?

फोंडेकर:
काल रात्री कोड उघडून बसलो तेव्हा खरी गोम सापडली. बाईंनी धरलेल्या खुर्च्या आम्ही सेशनमध्येच ठेवत होतो! 'ही कोण' हे सेशनचं काम. 'ग ओळीतली १२ नंबरची खुर्ची ७ मिनिटं अडवलेली' ही बुकिंगची नोंद. लॉगआउट झालं तरी ती राहायला हवी. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला तीच खुर्ची मोकळी दिसत होती, म्हणजे आमचं नशीब थोर. रेडिसमध्ये 'सेट' या लिहिण्याच्या आज्ञेला एनएक्स (आधी नोंद नसेल तरच लिही) आणि ईएक्स (इतक्या सेकंदांनी पुसून टाक) जोडलं की खुर्ची एकालाच मिळते आणि वेळ संपली की आपोआप सुटते.

डिचोलीकर:
खुर्च्यांचं पटलं. पण मग त्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच धर, एका खुर्चीची दुसरी नोंद होऊ न देणारा युनिक इंडेक्स लावून. पैशाची नोंद तिथेच होते ना? लॉगिनचं सेशनही तिथेच एका टेबलात. फक्त दर क्लिकला 'शेवटचा कधी दिसला' लिहीत बसू नकोस, दर बदलामागे राहिलेल्या जुन्या, मेलेल्या ओळींचा ढीग साचेल. पाच मिनिटांतून एकदा पुरे.

फोंडेकर:
बरं, आधी पोस्टग्रेसवर करतो. रविवारी टेस्टवर तिकिटं काढता काढता मधला सर्व्हर बंद करून बघू.

डिचोलीकर:
बंद म्हणजे नीट रिस्टार्ट नव्हे हां, पात्रांव. किल -९ मार, आवरायला वेळच न देता.