प्रवासातून आणलेला हाताने घडवलेला दागिना : तुमचा अनुभव लिहा

आपल्या जळगावात दागिना म्हटलं की सोनंच. त्यामुळे मी बिदरहून बिदरीचे कानातले आणले तेव्हा आजी म्हणाली, "हाई काय काळंमिट्ट लई उनी वं माय?" मग तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, वर मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करतात म्हणजे कोरलेली रेघ नीट दिसते, त्या खाचेत केसाएवढी चांदीची तार हातोडीने हळूहळू ठोकत बसवतात. नंतर घासलं की सगळंच पांढरट होतं आणि नक्षी जवळपास दिसेनाशीच होते, मला वाटलं गेलं सगळं काम! पण कारागिराने बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती घेतली, चिमूटभर जिभेवर ठेवून पारखली, नवसागर घालून उकळलेल्या पाण्यात तुकडा बुडवला आणि वर काढला तर धातू काळाकुट्ट आणि चांदी तेवढी लख्ख. तो क्षण मी विसरूच शकत नाही. आता आजीच आल्यागेल्याला दाखवते. काळा रंग फिका वाटला तर खोबरेल तेलाचा हात फिरवते मी.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा ना, कुठून आणलं आणि आता कसं आहे तेपण.

भुसावळहून :
आमचा अनुभव वाईट आहे पण सांगतो, कुणाचं तरी नुकसान वाचेल. जयपूरला मणिहारों का रास्ता म्हणून गल्ली आहे, तिथे एका ताईंनी आमच्या मिसेसच्या हाताचं माप घेऊन समोरच शेगडीवर लाख गरम करून बांगड्या वळून दिल्या, खडेपण एकेक करून बसवले. मे महिन्यात लग्नाला जाताना त्या डॅशबोर्डवर राहिल्या, गाडी दुपारभर उन्हात बंद, आणि आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, परत येऊन बघतो तर दोन बांगड्या एकमेकींना चिकटलेल्या, खडे खाली पडलेले. मिसेस काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या तशाच जपून ठेवल्यात. लाखेचं काहीही असो, गाडीत ठेवू नका.

नंदुरबार :
कटकचं तारकशीचं, म्हणजे चांदीच्या बारीक तारांच्या नक्षीचं, पदक आहे. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा, जोर लावला की तार वाकते.

धुळ्याहून :
मी शिक्षिका होते, होळीच्या आधी धडगावला भोंगऱ्याला, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या बाजाराला, गेले होते. तिथे पावरा या आदिवासी समाजातल्या एका ताईंकडून त्यांनीच ओवलेली मण्यांची माळ घेतली. दोनेक वर्षांनी दोरा तुटला, मणी घरभर. मी ओवून पाहिली, पण रंगांचा क्रम काही जमेना, कितीदा उसवली. शेवटी पुढच्या भोंगऱ्याला सगळे मणी काचेच्या बरणीत घालून गेले. त्या ताई भेटल्या! बरणी तळहातावर रिकामी केली, बोटाने मणी इकडेतिकडे केले आणि लगेच म्हणाल्या, "पिवळे कमी आहेत बाई." खरंच कमी होते, सोफ्याखाली गेले असणार. त्यांनी स्वतःच्या गळ्यातल्या माळेचे चार पिवळे काढून माझ्या माळेत ओवले, पैसे घेतले नाहीत. त्यांच्या माळेत तेवढ्या जागेत निळे मणी घातले त्यांनी.