मदत हवी आहे : ग्राफिक्स कार्ड बदलू की एसएमपीएस? गेम लावला की पीसी धाडकन बंद

यंत्रमाग (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. इचलकरंजीहून लिहितोय. जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा, डोकं चालेना झालंय.

पीसी २०२० सालचा. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबतच आलेला, त्यावर ठळक अक्षरात '४५० वॅट'. पाच वर्षांत एकदाही तक्रार नाही.

ओळखीतला एक जण आरटीएक्स ३०६० कार्ड विकतोय. १५ हजार म्हणतो, पण आठवडाभर वापरून बघ, पटलं तरच पैसे दे असंही म्हणाला. कार्डाला ८ पिनची वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला ती नाहीच. दुकानदाराने दीडशे रुपयांत दोन मोलेक्सना (एसएमपीएसच्या जुन्या पद्धतीच्या चार पिनी प्लगना) जोडायचा कन्व्हर्टर दिला. लावला, चालू झालं. व्हॅलोरंट दोन तास मस्त चाललं. रात्री सायबरपंक २०७७ लावला, गाडीत बसून पहिल्या चौकापर्यंत गेलो आणि काळोख. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, कुणीतरी मेन स्विच पाडावा तसं. आपोआप परत चालू झाला, दहा मिनिटांत पुन्हा तेच. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, फक्त 'कर्नल-पॉवर ४१'.

दुकानदार म्हणतो कार्ड मायनिंगमध्ये (क्रिप्टो कमवायला रात्रंदिवस चालवून) भाजलेलं आहे, परत कर आणि नवीन आरटीएक्स ४०६० घे. ते ११५ वॅटच खातं, आहे त्या एसएमपीएसवर आरामात चालेल. दुसऱ्या दुकानात गेलो तर ८५० वॅटचा एसएमपीएस गळ्यात मारायला बघत होते. माझं बजेट सगळं धरून २२ हजार. मॉनिटर १०८०पी, तो बदलायचा नाही.

कार्ड खराब आहे की एसएमपीएस? आणि ४०६० घेतलं तर एसएमपीएसचे पैसे खरंच वाचतील का?

खटपट्या :

पीसी यूपीएसवर आहे का? असेल तर आधी थेट भिंतीच्या प्लगवर लावून बघ. यूपीएसनेच मान टाकली असेल तरी हेच दिसतं. कर्नल-पॉवर ४१ वरून काही कळत नाही. मशीन नीट बंद न होता गेलं एवढीच ती नोंद असते, का गेलं ते नाही.

दुसरं, एसएमपीएसच्या स्टिकरवर '+१२ व्होल्ट'च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते सांग. ४५० चा आकडा विसर.

यंत्रमाग :

६०० व्हीएचा यूपीएस आहे. थेट भिंतीवर लावलं, तरी तेच.

स्टिकर आतल्या बाजूला होता. कॅबिनेट खोलून, जमिनीवर आडवा पडून मोबाइलच्या टॉर्चवर वाचला. १२ व्होल्टला १८ अँपिअर, ५ व्होल्टला २८, ३.३ व्होल्टला २६. खोलताना आणखी एक दिसलं. कन्व्हर्टर जिथे जोडलाय तो पांढरा प्लग एका कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा तपकिरी झालाय. हे नॉर्मल आहे का?

खटपट्या :

नॉर्मल? अरे बाबा, तो कन्व्हर्टर आत्ताच्या आत्ता काढ आणि पुन्हा लावू नकोस. कार्ड १७० वॅट घेतं. त्यातले जास्तीत जास्त ७५ स्लॉटमधून येतात, उरलेले ९५ च्या आसपास त्या वायरने. म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ८ अँपिअर. दोन्ही मोलेक्स एकाच वायरवर माळेसारखे असतील (असणारच, अशा एसएमपीएसला दुसरी वायर कुठे असते), तर सगळा भार एका बारीक पिवळ्या वायरवर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आता हिशेब बघ. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात या १२ व्होल्टच्याच ताटात. ५ आणि ३.३ व्होल्टची भर घालून कंपनीने ४५० जमवलेत, पण ते वॅट तुझ्या कार्डाच्या काही कामाचे नाहीत. ३६०० पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो. कार्डाचे १७०. बोर्ड, पंखे, डिस्कचे ५० धर. झाले ३०८. शिवाय कार्ड मधूनच क्षणभर १७० च्या बरंच वर उसळी मारतं, ती वेगळी. व्हॅलोरंटमध्ये कार्ड निम्म्या ताकदीनेही पळत नाही म्हणून तिथे निभावलं.

१०५० टीआय सगळं मिळून ७५ वॅटचं होतं. त्यामुळे पाच वर्षं बिचाऱ्याची झाकली मूठ राहिली.

आता ४०६०. ८८ अधिक ११५ अधिक ५० म्हणजे २५३. तरी २१६ च्या वरच. दुकानदाराला म्हणावं, स्टिकर वाच.

जुनं_ते_सोनं :

एसएमपीएस बदलायचाच आहे तर कार्डाचा प्रश्न निराळाच होतो. माझं मत ३०६० च्या बाजूने, आणि कारण तुझा बोर्ड. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, म्हणजे कार्ड आणि बोर्डमधला डेटाचा रस्ता जुन्या पिढीचा. ४०६० त्याच्या आठच लेन वापरतं, ३०६० पूर्ण सोळा. गेम ४०६० च्या ८ जीबी मेमरीत मावला तर फरक किरकोळ. मावला नाही की डेटा रॅममधून आणावा लागतो, तिथे अर्ध्या रुंदीचा रस्ता नडतो आणि गेम अडखळतो. ३०६० कडे मुळात १२ जीबी आहे.

फक्त ते १२ जीबीचंच आहे ना ते बघ. याच नावाने ८ जीबीचंही कार्ड निघालं होतं, त्याची बस (कार्डाच्या मेमरीचा रस्ता) १२८ बिटची. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, १९२ बिट दिसलं पाहिजे.

मायनिंगला लावलेलं असू शकतं, नाही कशाला म्हणू. हे कार्ड फेब्रुवारी २०२१ चं, आणि इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. पण मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड नव्हे. पंखे खरखरतात का आणि तापमान किती जातं ते बघ.

गेमर_नाशिककर :

असहमत. सेकंडहँड कार्डाला वॉरंटी कोण देणार? नवीन ४०६० घ्या, वीज कमी लागते, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतः बनवून भरणं) मिळतं. ३०६० वर एनव्हिडियाचं ते नाही.

जुनं_ते_सोनं :

वॉरंटीचा मुद्दा मान्य. पण २२ हजारांत नवं कार्ड आणि धड एसएमपीएस दोन्ही बसवून दाखवा. आणि ३० फ्रेमचे ६० करून दाखवले तरी माउसला वाटतात ३०च.

खटपट्या :

यंत्रमाग, कार्ड खराब आहे की नाही ते घरी नको तपासू. धड एसएमपीएस असलेला कुणी ओळखीचा गाठ.

तुला ५५० वॅट पुरतो, एनव्हिडियाही ३०६० ला तेवढाच सांगते. थोडेच जास्त पडत असतील तर ६५० घे, पुढच्या कार्डालाही होईल. ८५० म्हणजे नाकापेक्षा मोती जड. घेताना स्टिकर वाच, ६५० च्या चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळपास सगळे वॅट १२ व्होल्टवरच असतात. ब्राँझ-गोल्ड बघून भुलू नकोस, ते वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे, आतला माल कसा आहे त्याचं नाही. पाच वर्षं वॉरंटी देणारा घे. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) असेल तर त्याच्याच वायरी वापर. दुसऱ्या एसएमपीएसची वायर प्लगमध्ये बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असला तर कार्ड जातं.

यंत्रमाग :

अपडेट. कार्ड पिशवीत घालून कोल्हापूरला आतेभावाकडे गेलो. त्याच्या ६५० वॅटवर दीड तास सायबरपंक चालवला. एकदाही बंद पडलं नाही, तापमान ७२ च्या वर गेलं नाही. १२ जीबी, १९२ बिट, सगळं बरोबर. पंख्याजवळ धुळीचा थर होता तो दाखवून १४ हजारांत सौदा केला. ६५० वॅट ब्राँझ एसएमपीएस साडेपाच हजारांना मिळाला, पाच वर्षं वॉरंटी. काल रात्रीपासून घरी चालतंय.

पण आता सायबरपंकमध्ये यूपीएस सारखा कुईकुई करतोय. नवीन एसएमपीएसमध्ये काही दोष?

खटपट्या :

दोष नाही. तुझ्या यूपीएसवर व्हीएखाली बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलं असेल. आतले ३०८ पुरवायला एसएमपीएस भिंतीतून ३६० च्या आसपास ओढतो, त्यात मॉनिटर. ओरडणारच.

यंत्रमाग :

३६०च लिहिलंय! मॉनिटर भिंतीवर लावला, कुईकुई कमी झालीय, पण बंद नाही. नवीन यूपीएसचं पुढच्या पगाराला बघतो. तोवर लाइट जायच्या आत सेव्ह करत राहायचं.