पुराची भीती मेंदूत असते की सातबाऱ्यावर?

पंचगंगाकाठ
जुलै लागला की आमच्या आईचा दिवस कोल्हापुरातल्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीने सुरू होतो. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे तिला पाढ्यासारखं पाठ. २०१९ ला शाहूपुरीतल्या घरात छातीएवढं पाणी होतं. भिंती रंगवल्या, कपाटं नवी घेतली; पण पाऊस वाजायला लागला की ती रात्री तीनला उठून जिन्यात उभी राहते. मामा म्हणतात, "झालं गेलं गंगेला मिळालं, मन घट्ट कर."

मामांना ऐकवायला मेंदूशास्त्रज्ञ सुमंत्र चटर्जींचं काम वाचून काढलं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने उंदरांना रोज २ तास, असं १० दिवस जखडून ठेवलं. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीचं ठाणं असलेल्या अमिग्डालात मात्र त्या उलट फोफावल्या. हे २००२ चं. मग २००४ मध्ये दिसलं, की २१ दिवस निवांत ठेवूनही अमिग्डालातली वाढ ओसरली नाही, उंदीर बुजरेच राहिले. पाणी उतरलं तरी गाळ घरात, तसंच. आईला डॉक्टर हवाय, उपदेश नको.

तांबडा_पांढरा
भावा, आईची काळजी समजली, पण उंदीर कशाला मध्ये आणलास? उंदराला सोडलं की त्याचं संपलं. आमच्या गावात २०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं. ही भीती मागची न्हाई, पुढच्या पावसाची हाय. ऊस कुजला, सोसायटीचं कर्ज हाय तसंच. माझ्या मेंदूचा फोटो काढून काय घावणार? सातबारा बघ. बोजा तिथंच लिहिलाय.

नववी_गल्ली
बोजा! नेमका शब्द. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' म्हणून जे मांडलं ते हेच. संकटाला तोंड देताना शरीर खर्च करतं. संकट वरचेवर आलं की थकबाकी चढते आणि वसुली रक्तदाबातून, साखरेतून, झोपेतून होते. त्यामुळे तांबडा_पांढरा, तुमचं कर्जही मेंदूपर्यंत पोचतंच.

तांबडा_पांढरा
पोचू दे की. पण मग औषध काय, गोळी का कर्जमाफी? गोळी स्वस्त पडती म्हणून सरकार गोळीच देणार. मला त्याचीच भीती वाटती.

खोडसाळ_वाचक
धागाकर्त्याने २००२ चा निबंध अर्धाच सांगितला. त्यातच दुसरा गट होता: त्या उंदरांना रोज वेगळा, अंदाज न येणारा ताण दिला. त्यांच्यात हिप्पोकॅम्पसवर फारसा परिणाम नाही, आणि अमिग्डालातही ती वाढ नाही. एका जातीच्या पेशी तर आखडल्याच. आता सांगा, पूर कुठल्या गटात बसतो? रोज ठरल्या वेळी जखडणं म्हणजे पूर नव्हे. ताणाचा प्रकार बदलला की चित्र बदलतं, हाच त्या कामाचा खरा मुद्दा. तुम्ही त्यातून आईचं निदान काढून मोकळे झालात.

पंचगंगाकाठ
मान्य, तो भाग गाळायला नको होता. निदान मात्र मी केलेलं नाही. रात्री तीनला जिन्यात उभी राहणारी बाई नाटक करत नाही, एवढंच मामांना पटवायचं होतं. त्यासाठी मला बंगळुरूपर्यंत जावं लागलं, हेच खरं तर लाजिरवाणं आहे.

सुनबाई_कुंभारगल्ली
आणि ते सगळे नर उंदीर होते, हे कुणी बोललं नाही अजून. पूर ओसरल्यावर गाळ कोण काढतं, भिजलेली धान्याची पोती कोण उपसतं? माझ्या सासूबाई आठ दिवस खराटा हातात घेऊन होत्या. एकदाही रडल्या नाहीत. रडल्या त्या दिवाळीत, फराळाचा डबा सापडला नाही म्हणून.

रंकाळा_चार_फेऱ्या
एवढं काय. रोज रंकाळ्याला चार फेऱ्या मारा, मेंदू ठिकाणावर. २०११ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, १२० वयस्कर माणसं. वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला.

खोडसाळ_वाचक
तो अभ्यास चांगला आहे, पण हिप्पोकॅम्पसचा आणि स्मरणशक्तीचा. इथे भांडण अमिग्डालाचं चाललंय. आणि ज्यांच्या दारात पाणी आहे त्यांनी फेऱ्या होडीतून मारायच्या का?

तांबडा_पांढरा
😂 पंचगंगाकाठ, आईला म्हणावं आज ३१ फूट हाय, झोपा. कपाटं मात्र आत्ताच माडीवर चढवून ठेव. माणसं लागली तर सांग, आम्ही चौघं येतो.